पोटाचा घेर आणि धमन्यांतला चुना

मुळशी तालुक्यात पौडच्या बाजारात किंवा पिरंगुटच्या चौकात चहाच्या टपरीशी पाच मिनिटं उभं राहून बघा. चाळिशीतले कितीतरी पुरुष असे दिसतील, की हातपाय सडपातळ, गाल बसलेले, पण पोट सदऱ्याच्या बटणांना ताण देतंय. त्यांना वजनाविषयी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : “वजन काही फार नाही. पँटचा नंबर दहा वर्षं चौतीसच आहे.” नंबर चौतीसच राहिला, कारण पट्टा बेंबीवरून खाली सरकत सरकत पोटाच्या खाली जाऊन बसला. घरातल्या बाईचंही तसंच होतं. परकराची नाडी सैल करत गेलं की कंबर वाढल्याचं वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

या वाढलेल्या पोटाकडे आपण ‘खात्यापित्या घरचा माणूस’ म्हणून कौतुकानं बघत आलो. पण पोटाच्या आत साठणारी चरबी आणि हृदयाच्या धमन्यांत साठणारं कॅल्शियम यांचं जवळचं नातं आहे. धमन्यांतलं कॅल्शियम घरी बसून दिसत नाही. पोटाचा घेर मात्र शिंप्याच्या टेपनं अर्ध्या मिनिटात मोजता येतो, आणि छातीत कळ येण्याच्या कितीतरी वर्षं आधी मोजता येतो. ती टेप कशी लावायची, आकडा काय सांगतो आणि तो जास्त आला तर काय करायचं, हे समजावून देण्यासाठी हा लेख आहे.

मुळशीत काय बदललं?

मुळशी हा भाताचा तालुका. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच भातखाचरांसाठी. खाचरातलं काम कसं असतं हे मागच्या पिढीला सांगायला नको. राब भाजणं, चिखलणी, डोक्यावर इरलं घेऊन दिवसभर वाकून लावणी, कापणी, मळणी, भारे वाहणं. बाजाराला जायचं तर पायी, पाणी आणायचं तर डोक्यावर हंडा. ताटात भाताचा डोंगर असे, पण तो संध्याकाळपर्यंत घामात जिरून जाई.

आज त्याच तालुक्यात हिंजवडीचं आयटी पार्क आहे, पिरंगुटला कारखाने आहेत, ताम्हिणीच्या वाटेवर हॉटेलं आणि फार्महाऊस आहेत. कुणाची जमीन विकली गेली, कुणाच्या खाचरात पॉवर टिलर आला, कुणी कंपनीत पाळीवर जातं, कुणी दिवसभर गाडी चालवतं. कष्ट एका पिढीत घटले. ताट मात्र तेवढंच राहिलं, उलट त्यात वडापाव, थंड पेयं आणि रात्री उशिराचं मटण-दारूचं जेवण यांची भर पडली.

तालमीचंही असंच आहे. मुळशीला कुस्तीचा अभिमान आहे. २०१७ सालची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भूगावातच भरली होती. पण पंचविशी-तिशीत लंगोट सुटतो आणि खुराक सुटत नाही, तेव्हा कमावलेल्या शरीरावर पोट चढायला वेळ लागत नाही. कधीकाळी हजार जोर मारले, ही पुण्याई पन्नाशीतल्या धमन्यांना पुरत नाही.

यात भात हा गुन्हेगार आहे असं मात्र समजू नका. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात त्सिमाने नावाचे आदिवासी राहतात. भात, केळी, मका आणि कंदमुळं हेच त्यांचं मुख्य अन्न. शास्त्रज्ञांनी त्यांच्यातल्या ७०५ प्रौढांच्या हृदयाचा सीटी स्कॅन केला आणि निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. १०० पैकी ८५ जणांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा कणही नव्हता. त्यांचे पुरुष दिवसाचे सहा-सात तास आणि बायका चार ते सहा तास अंगमेहनतीत असतात. तंबाखू-सिगारेट फारशी नाही, तेलकट आणि कारखान्यातलं खाणं नगण्य. आपल्या आजोबा-पणजोबांचा दिवस याहून फार वेगळा नव्हता. भात तोच राहिला आणि त्याच्याबरोबरचं चालणं-वाकणं सुटलं, हीच आपली अडचण आहे.

दोन डॉक्टर, एकच मोजमाप

“पण मी तर बारीक आहे,” असं म्हणून हा विषय टाळणाऱ्यांनी पुण्यातलंच एक उदाहरण लक्षात ठेवावं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के, दुपटीहून जास्त!

भारतीय माणसाची ही ठेवण जन्मापासूनची आहे. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. आपली बाळं लहानखुरी, त्यांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. अशा शरीरावर पुढे चार-पाच किलो जरी चढले, तरी ते आधी पोटात जाऊन बसतात.

म्हणून भारतीयांसाठी वजनकाट्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं ठरतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं देशभरात १ लाख १३ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ३९.५ टक्के प्रौढांचं पोट प्रमाणाबाहेर सुटलेलं होतं. वजनानं लठ्ठ ठरणाऱ्यांपेक्षा ही संख्या जास्त होती.

पोटातली चरबी स्वस्थ बसत नाही

चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी. दंडावर, मांडीवर, कुल्ल्यांवर असते ती. ती तुलनेनं निरुपद्रवी. खरी त्रासदायक चरबी पोटाच्या पोकळीत, आतड्यांभोवती आणि यकृताशेजारी असते. बोकड कापल्यावर त्याच्या आतड्यांवर चरबीची पांढरी जाळी दिसते, ती मटणाच्या दुकानात सगळ्यांनी पाहिलेली आहे. माणसाच्या पोटातही तशीच जाळी असते आणि माणूस सुटतो तशी ती जाड होते. म्हणूनच काहींचं पोट मऊ न लागता नगाऱ्यासारखं टणक लागतं, कारण चरबी स्नायूंच्या आतल्या बाजूला असते.

ही आतली चरबी नुसता साठा करून बसत नाही. एखाद्या ग्रंथीसारखी ती सतत काही ना काही रक्तात सोडत असते. तिच्यातली फॅटी आम्लं थेट यकृतात उतरतात. मग यकृत जास्त साखर आणि जास्त ट्रायग्लिसराइड बनवू लागतं, यकृतावरच चरबी चढते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असं लिहून येतं, ते हेच. इन्सुलिन असूनही काम करेनासं होतं. रक्तदाब वाढवणारी द्रव्यं तयार होतात. शरीरात मंद दाह पेटत राहतो, ताप नाही, सूज नाही, पण धग आहे अशा तऱ्हेचा. आणि धमन्यांची राखण करणारं ॲडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं. हृदयाच्या भोवतीही चरबीचा थर वाढतो आणि तो हृदयधमन्यांना अगदी चिकटून असतो.

धमनीत कॅल्शियम कसं साठतं?

गीझरच्या कॉइलवर क्षार चढतात तसं कॅल्शियम धमनीत चढतं, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते धमनीच्या भिंतीच्या आत साठतं आणि त्यामागे शरीराची एक धडपड असते. वाढलेला रक्तदाब, साखर, तंबाखू यांनी धमनीचं आतलं अस्तर दुखावतं. तिथून कोलेस्टेरॉल भिंतीत शिरतं. त्याला खायला पांढऱ्या पेशी येतात, मरतात, दाह वाढतो. त्या दाहात भिंतीतल्या स्नायूपेशी आपलं मूळ काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात आणि तिथे कॅल्शियम साठवतात. क्षयरोगाची जुनी गाठ बरी होताना फुप्फुसात कॅल्शियमचा डाग राहतो, तसाच हा प्रकार आहे. शरीर जखमेभोवती कुंपण घालू पाहतं.

म्हणून धमनीतलं कॅल्शियम हा जुन्या जखमांचा हिशेब असतो. जितकं कॅल्शियम जास्त, तितकी भिंतीत कोलेस्टेरॉलची साठवण जास्त आणि तितका हृदयविकाराचा धोका जास्त. मधुमेह आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमनीच्या मधल्या थरातही कॅल्शियम भरतं. त्यानं धमन्या ताठ होतात आणि जुन्या रबरी पाइपासारख्या ताणेनाशा होतात. उतारवयात रक्तदाबाचा वरचा आकडा वाढतो आणि खालचा तेवढाच राहतो, त्याचं मोठं कारण हा ताठरपणा असतो.

पोटाचा आणि या कॅल्शियमचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचा वाटा हिशेबातून वजा केला की तो संबंध बराच कमी होतो. याचा अर्थ पोट आपलं बरंचसं नुकसान याच तीन वाटांनी करतं. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कारण या तिन्ही वाटा अडवता येतात.

आपल्याला घाई करायलाही कारण आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण ५३व्या वर्षी आला. बाकी जगात हेच वय ५८-५९ होतं. म्हणजे मुलांची शिक्षणं, लग्नं, घराचं कर्ज डोक्यावर असतानाच आपल्याकडे घाला पडतो. त्याच अभ्यासात झटक्याचा अंदाज सांगण्यात बीएमआयपेक्षा कंबर आणि कुल्ले यांचं प्रमाण अधिक खरं ठरलं.

टेप कशी लावायची?

पँटचा नंबर म्हणजे पोटाचा घेर नव्हे. मोजायचं ते असं :

सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, पोटावरचे कपडे बाजूला करून सरळ उभे राहा. कुशीला हात लावून सगळ्यात खालची बरगडी चाचपा. मग कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. या दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप लावा. बहुतेकांची ही जागा बेंबीच्या आसपास येते. टेप मागे-पुढे सारख्या उंचीवर ठेवा, अंगाला टेकू द्या, पण आवळू नका. पोट आत ओढू नका. सहज श्वास सोडा आणि आकडा वाचा. दोनदा मोजा.

भारतीय पुरुषासाठी मर्यादा आहे ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. हे आकडे लक्षात राहत नसतील तर एक सोपा नियम आहे : पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. उंची १६० सेंटिमीटर असेल तर घेर ८०च्या आत. एक दोरी उंचीएवढी कापून दुमडा. ती दुमडलेली दोरी पोटाभोवती पुरत नसेल, तर सावध व्हा.

गरोदरपणात हे मोजमाप लागू होत नाही. पाळी गेल्यानंतर मात्र बायकांनी ते आवर्जून करावं. तोवर कुल्ल्यांवर साठणारी चरबी त्या वयात पोटाकडे वळते आणि हृदयाला मिळणारं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं.

पुढच्या तपासण्या

आशाताई घरी येऊन तिशीपुढच्या माणसांचा एक फॉर्म भरतात. तंबाखू, दारू, व्यायाम, घरातले आजार यांच्या जोडीला त्यात कमरेचा घेरही विचारलेला असतो आणि त्याला गुण असतात. पुरुषाचा घेर १००च्या आणि स्त्रीचा ९०च्या वर असला की दोन गुण. एकूण बेरीज चारच्या वर गेली, तर तपासणी लवकर करून घ्यायची. अनेक घरांत हा प्रश्न हसण्यावारी नेला जातो. तसं करू नका. ताईंना खरा आकडा द्या आणि गावच्या उपकेंद्रावर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. या तपासण्या तिथे मोफत होतात.

मग पाच आकडे एका कागदावर लिहा :

• पोटाचा घेर : पुरुष ९०, स्त्री ८० सेंटिमीटर किंवा जास्त
• रक्तदाब : १३०/८५ किंवा जास्त
• उपाशीपोटीची साखर : १०० किंवा जास्त
• ट्रायग्लिसराइड : १५० किंवा जास्त
• चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल : पुरुषात ४०पेक्षा, स्त्रीत ५०पेक्षा कमी

या पाचांपैकी तीन लागू पडत असतील, तर धमन्यांत नुकसान सुरू झालं आहे असं धरून चाला आणि डॉक्टरांशी बोला. त्याच वेळी वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल किती आहे तेही विचारा. धमनीच्या भिंतीत शिरतं ते हेच.

धमन्यांतलं कॅल्शियम मोजणारा खास सीटी स्कॅनही आहे. त्याला इंजेक्शन लागत नाही आणि तो काही मिनिटांत होतो. आर्थर ॲगॅटस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली हे कॅल्शियम गुणांत मोजण्याची पद्धत बसवली. शून्य गुण म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही, १ ते ९९ म्हणजे थोडं, १०० ते ३९९ मध्यम आणि ४००च्या वर भरपूर. पण हा स्कॅन सगळ्यांनी उठून करायचा नाही. चाळिशी ओलांडलेली आहे, धोका मधल्या पातळीवर आहे आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही हे ठरत नाही, अशा वेळी तो उपयोगी पडतो. ज्यांना आधीच झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांना त्यातून नवीन काही कळत नाही. आणि शून्य गुण आले म्हणजे मोकळं रान मिळालं असंही नाही. कॅल्शियम न धरलेली मऊ साठवण या स्कॅनमध्ये दिसत नाही.

पोट कसं उतरवायचं?

आधी एक दिलासा देतो. वजन कमी करायला लागलं की पोटातली चरबी लवकर हलते. काटा दोन-तीन किलोच खाली आलेला असतो, पण टेप बराच फरक दाखवते. ८० किलोच्या माणसानं चार किलो उतरवले तरी साखर, रक्तदाब आणि यकृत यांना ते जाणवतं. सहा महिन्यांत चार-पाच सेंटिमीटर हे ध्येय धरा. महिन्यात दहा किलो उतरवणाऱ्या जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

*ताट.* अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट आमटी, उसळ, अंडी किंवा मासे, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. इंद्रायणी तांदूळ सोडायचा नाही, पण गिरणीवर कमी पॉलिश करून घ्या आणि ताटातला डोंगर मुदीवर आणा. डोंगरउतारावरची नाचणी आणि वरई पुन्हा घरात आणा. पावटा, वाल, हरभरा आपल्या भागात चांगला होतो, त्याची उसळ रोज असावी. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या फुकट उगवतात. शहरातले लोक त्या विकत घ्यायला येतात आणि आपली मुलं मात्र त्यांना नाकं मुरडतात, हे बदलायला हवं.

*चहा.* दिवसाला सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे होतात. म्हणजे पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून! जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. कप तीनवर आणा, चमचा एकवर. थंड पेयं बंदच करा.

*तेल-मीठ.* माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे. चार माणसांच्या घरात दोन लिटरचा हिशेब ठेवा. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणाचं तेल टाळा. मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, त्यात लोणचं, पापड आणि सुकी मासळीही आली.

*रात्र.* शक्य तितकं लवकर जेवा आणि झोपण्याआधी दोन तास तरी पोट रिकामं राहू द्या. पाळीवर काम करणाऱ्यांनी घरचा डबा न्यावा आणि मध्यरात्रीच्या वडा-सामोशाऐवजी फुटाणे, फळ, ताक घ्यावं. सात तासांची झोप चुकवू नका. झोप अपुरी पडली की भूक वाढते आणि पोटही वाढतं.

*दारू आणि तंबाखू.* दारू यकृतावर चरबी चढवते, ट्रायग्लिसराइड वाढवते आणि तिच्याबरोबरचा चखणा पोट वाढवतो. तंबाखू कोणत्याही रूपात धमनीचं अस्तर जाळते. विडी, गुटखा, तळहातावर मळलेली चिमूट आणि बायकांची मिश्री, सगळी सारखीच. “मी ओढत नाही, फक्त दाताला लावते,” असं म्हणणाऱ्या बहिणींनी हे मनावर घ्यावं.

*चालणं.* आठवड्याचे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग हवा. पौड रस्त्यावर आणि हिंजवडीच्या वाहतुकीत अंधारात चालू नका. शाळेचं मैदान, देवळाचं आवार किंवा शेताची वाट निवडा. दुपारी आणि रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं पाय मोकळे केले तरी साखर कमी चढते. संगणकापुढे किंवा स्टिअरिंगमागे बसणाऱ्यांनी तासाला एकदा उठून दोन मिनिटं हालचाल करावी.

*ताकद.* आपले स्नायू जन्मतःच कमी, म्हणून नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून जोर, जिना किंवा चढ चढणं, वजन उचलणं असं काही करा. तालमीतून निवृत्त झालेल्यांनी खुराक निम्मा करावा आणि व्यायाम थोडा का होईना, चालू ठेवावा.

छातीत दुखत असेल, रक्तदाब फार चढलेला असेल किंवा मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम आणि खाण्यातले मोठे बदल डॉक्टरांना विचारून करा. गोळी तीच ठेवून जेवण एकदम घटवलं की साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

पाच गैरसमज

“कॅल्शियम साठतंय म्हणजे दूध आणि नाचणी बंद.” नाही. अन्नातलं कॅल्शियम हाडांना हवंच असतं. धमनीतलं कॅल्शियम दाहामुळे साठतं. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनानं घेऊ नका, डॉक्टरांनी सांगितल्या तरच घ्या.

“पानातला चुना धमनीत जाऊन बसतो.” चुना तसा थेट जाऊन बसत नाही. त्याच्याबरोबरची तंबाखू मात्र धमनीचं नुकसान करते.

“पोटाचे व्यायाम केले की पोट उतरतं.” त्यानं पोटाचे स्नायू घट्ट होतात. चरबी उतरते ती सगळ्या शरीराच्या हालचालीनं आणि आवरलेल्या जेवणानं. पोटाला बांधायच्या पट्ट्यानं फक्त घाम जातो.

“काढ्यानं किंवा सलाइननं नसा साफ होतात.” धमनीच्या भिंतीत बसलेलं कॅल्शियम धुऊन काढणारा खात्रीचा उपाय नाही. हाती आहे ते साठणं थोपवणं आणि झटका टाळणं. काढ्या-सलाइनवर पैसे घालवण्यापेक्षा रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या.

“स्टॅटिनची गोळी घेऊनही कॅल्शियमचे गुण वाढले, म्हणजे गोळी वाया गेली.” या गोळीनं मऊ आणि फुटण्याजोगी साठवण घट्ट होते. त्यात गुण थोडे वाढू शकतात, पण झटक्याचा धोका कमी होतो. गोळी मनानं बंद करू नका.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

चढ चढताना छातीवर दाब येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं. जबडा, खांदा किंवा डावा हात भरून येणं. नेहमीच्या कामात अचानक धाप लागणं. चालताना पोटरीत वळ येऊन विसाव्याला थांबावं लागणं. पायाची जखम आठवडेच्या आठवडे न भरणं. बायकांमध्ये आणि मधुमेही माणसांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा, मळमळ, घाम असंही होतं.

छातीत दाब, घाम आणि धाप एकत्र आली, तर “गॅस असेल” म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा, ही रुग्णवाहिका मोफत असते. रुग्णानं स्वतः गाडी चालवू नये. धरणापलीकडच्या वाड्या-वस्त्यांना रुग्णालय लांब पडतं आणि पावसाळ्यात घाटरस्ता आणखी वेळ खातो. त्यांनी जवळच्या गाडीवाल्याचा नंबर आणि हृदयावर उपचार होणाऱ्या रुग्णालयाचं नाव आधीच दारामागे लिहून ठेवावं. झटक्यातले पहिले एक-दोन तास सगळ्यात मोलाचे असतात.

आज संध्याकाळी एवढं करा. घरातली शिवणाची टेप काढा. तिशीपुढच्या प्रत्येकाचं पोट मोजा, आजीचं, वडिलांचं, सुनेचं आणि स्वतःचंही. आकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, तारखेसह लिहा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा मोजा. आकडा मर्यादेच्या आत असेल तर तो तिथेच राखा. बाहेर असेल तर या आठवड्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या आणि उद्या सकाळपासून चालायला लागा.